मंडळीची (म्हणजे चर्चची) सुरुवात नक्की कधी? पन्नासावा दिवस, की त्याच्या कितीतरी आधी?

खासबाग_वाचक (धागाकर्ती)

पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो सण) रविवारी आमच्या संडेस्कूलच्या मुलांनी फळ्यावर रंगीत खडूने 'मंडळीचा वाढदिवस' असं लिहिलं. शिकवणारी मीच. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये बायबल क्लास होता, फळा पुसायचा राहिला होता, आणि त्या दोन शब्दांवरून जो वाद लागला तो अजून मिटलेला नाही.

क्लासला येणारे निम्मे लोक आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचे, बाकीचे कोल्हापुरातल्या स्वतंत्र सहवासांचे (फेलोशिपचे). एक भाऊ हल्ली मिरजेहून येतात. एकाने सांगितलं, मंडळी त्याच दिवशी जन्मली, प्रेषितांची कृत्ये अध्याय २, विषय संपला. आमचे एक वडील (मंडळीतले एल्डर) म्हणाले, मंडळी अब्राहामापासून आहे, किंबहुना आदामापासून. मिरजेचे भाऊ म्हणाले, दोघंही चुकताय, आपली मंडळी पौलापासून (आधी विश्वासणाऱ्यांचा छळ करणारा, मग प्रेषित झालेला) सुरू होते.

इथवर ठीक होतं. पण बोलण्याच्या भरात कुणीतरी एका वयस्क बाईंना तोंडावर सांगितलं की तुमचा लेकरूपणीचा बाप्तिस्मा धरलाच जात नाही, कारण तो सुंतेवरून आलाय आणि सुंतेच्या काळात मंडळी नव्हतीच. म्हणजे तुम्ही अजून मंडळीत आलेल्याच नाही. त्या बाई त्यानंतर क्लासला आल्या नाहीत. मला हे फार लागलंय. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी तारखेचा राहिलेला नाही.

ज्याला जे पटतं ते वचनासकट मांडा. 'आमचे पाळक असं म्हणतात' एवढ्यावर थांबू नका.

पन्हाळा_रोड

ताई, त्या बाईंशी असं बोलणं चूकच होतं. ते बोलणारा मी नव्हे, पण पन्नासाव्या दिवसाच्या बाजूचा मी आहे, तर ती बाजू नीट मांडतो.

मत्तय १६:१८ मध्ये प्रभू पेत्राला म्हणतो, 'मी आपली मंडळी रचीन.' रचीन. म्हणजे ते बोलणं झालं तेव्हा ती रचलेली नव्हती. आता मंडळी म्हणजे काय हे पौलाला विचारा: ख्रिस्ताचं शरीर. त्या शरीरात माणूस येतो कसा? १ करिंथ १२:१३, एका आत्म्याने आपल्या सर्वांचा एका शरीरात बाप्तिस्मा झाला. मग हा आत्म्याचा बाप्तिस्मा सुरू कधी झाला? कृत्ये १:५ मध्ये, स्वर्गारोहणाच्या आधी, येशू सांगतो की तो थोड्या दिवसांनी व्हायचा आहे. आणि कृत्ये ११:१५ मध्ये पेत्र कर्नेल्याच्या (एका परराष्ट्रीय शतपतीच्या) घरची हकीकत सांगताना म्हणतो, आपल्यावर जसा आरंभी उतरला तसाच त्यांच्यावर आत्मा उतरला. 'आरंभी' हा शब्द पेत्राचा आहे, माझा नाही.

शिवाय इफिस १:२०-२३ प्रमाणे ख्रिस्ताला उठवून, उजवीकडे बसवून मग मंडळीचं मस्तक म्हणून दिलं आहे. मस्तक बसण्याआधी शरीर कसं असेल? अब्राहाम विश्वासाने तरला हे मी मानतोच. पण तारण पावणं वेगळं आणि या शरीराचा अवयव होणं वेगळं.

शाहूपुरी_९

धागाकर्त्या ताईंनी 'आमचे एक वडील' म्हटलंय, ते मीच.

कोल्हापूरकरांना एक गोष्ट आठवून द्यायची आहे. मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७० मध्ये इथलं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. म्हणजे आपल्या पणजोबांनी जे शिक्षण घेतलं ते प्रेस्बिटेरियन शिक्षण, आणि त्या परंपरेत मंडळी कधी सुरू झाली याचं उत्तर ठरलेलं आहे. हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी १५६३ ची. तिचा ५४ वा प्रश्न मंडळीबद्दल आहे आणि उत्तरात म्हटलंय की देवाचा पुत्र जगाच्या आरंभापासून शेवटापर्यंत आपल्यासाठी मंडळी गोळा करतो, राखतो. बेल्जिक विश्वासपत्र (१५६१), कलम २७, तेही हेच सांगतं. वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राचं म्हणणं असं की दृश्य मंडळी सुवार्तेच्या काळात एका राष्ट्रापुरती राहिली नाही, नियमशास्त्राच्या काळात होती. म्हणजे मंडळी आधीही होतीच, फक्त एका राष्ट्रात होती.

१९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सीएनआय झाली, त्याआधी आपण युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होतो. नावं बदलली. हा विश्वास कुणी मागे घेतल्याचं मी कधी ऐकलं नाही. आता तरुण मुलं यूट्यूबवर ऐकून म्हणायला लागलीत की जुन्या करारात मंडळी नव्हतीच. बरं, कृत्ये ७:३८ काढा. स्तेफन दगडमारात मरण्याआधी सांगतोय, मोशे रानातल्या मंडळीत होता. गलती ३:२९: तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचे संतान आहात. अब्राहामाचं संतान व्हायचं, पण अब्राहाम मात्र आपल्या मंडळीबाहेर, हे कसं जमायचं?

'रचीन' म्हणजे शून्यातून सुरू करीन असंच कशावरून? पडलेला डेरा मी पुन्हा उभारीन असं आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे, आणि कृत्ये १५ मध्ये याकोब तेच वचन मंडळीला लावतो.

मिरज_लाईन

मी मिरजेहून येणारा. सगळेच मला धरून बोलायलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

कृत्ये २ मध्ये पेत्र कुणाशी बोलतोय? 'इस्राएलाच्या सर्व घराण्याशी' (२:३६). परराष्ट्रीयांचं नाव नाही. विश्वास ठेवणारे रोज मंदिरात जातात. अध्याय ३ मध्ये पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या वेळी मंदिरातच निघालेत. अध्याय १० पर्यंत सुंता न झालेल्याच्या घरी जाऊन जेवायचं पेत्राला सुचत नाही, त्याला तीन वेळा दृष्टान्त दाखवावा लागतो. ही ती 'यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक) एक' असलेली मंडळी आहे का? इफिस ३ मध्ये पौल म्हणतो की परराष्ट्रीय एकाच शरीराचे अवयव होणार हे रहस्य पूर्वीच्या पिढ्यांना कळवलेलं नव्हतं आणि ते त्याला प्रकटीकरणाने कळलं. रहस्य ज्याच्याकडे आलं त्याच्यापासूनच त्या रहस्याची मंडळी सुरू होणार, हा साधा विचार आहे.

आमच्यात काही कृत्ये ९ (पौलाचा पालट) म्हणतात, काही १३ (त्याच्या पहिल्या फेरीची सुरुवात), काही थेट २८ (तो रोमला पोचतो तिथून). मी ९ मानतो. मला कुणाचा अपमान करायचा नाही. पौलाने जे मोकळेपणाने सांगितलं ते लोक पेत्राच्या भाषणात कोंबतात, याचं मला वाईट वाटतं.

नवा_करार_पुणे

पुण्यात सेमिनरीला आहे, मूळचा कागलचा.

मिरज_लाईन दादा, तुमचं म्हणणं नवं नाही आणि फेकून द्यावं असंही नाही. कृत्ये २८ ची बाजू इंग्लंडच्या ई. डब्ल्यू. बुलिंगर (१८३७-१९१३) यांच्या नावाशी जोडली जाते. पण पौल स्वतःच तुमच्या आड येतो. गलती १:१३ मध्ये तो म्हणतो, मी देवाच्या मंडळीचा छळ करत होतो. १ करिंथ १५:९ मध्येही तेच. ज्या मंडळीचा छळ केला ती छळ करणाऱ्याच्या पालटाआधी होती ना? तुम्ही म्हणाल, ती वेगळी, यहूदी राज्याची मंडळी. ठीक. मग रोम १६:७ वाचा. अंद्रोनिक आणि युनिया यांच्याबद्दल पौल लिहितो की ते त्याच्या आधी ख्रिस्तात होते. 'ख्रिस्तात' हे पौलाचं खास बोलणं, शरीरात असण्याचं. ते त्याच्या आधी तिथे होते, तर दार त्याच्यापासून उघडलं असं कसं म्हणायचं? या एका ओळीला समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आणि परिणाम बघा. कृत्ये २८ वाले पाण्याचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही यहूदी काळातलं म्हणून बाजूला ठेवतात. कृत्ये ९ किंवा १३ वाले बहुतेक प्रभुभोजन ठेवतात आणि बाप्तिस्मा सोडतात. सुरुवातीची रेघ काही अध्याय पुढे सरकली की मेजावरची भाकरसुद्धा हलते.

पन्हाळा_रोड दादांसाठीही एक नोंद. इस्राएल आणि मंडळी ही देवाची दोन वेगळी प्रजा, ही पक्की विभागणी जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे ती घरोघर पोचली. उशिरा मांडली म्हणून खोटी ठरत नाही. पण 'मंडळी पहिल्यापासून असंच मानत आली' असं जे बोललं जातं त्याला आधार नाही. दुसऱ्या शतकात 'हर्मासचा मेंढपाळ' या लिखाणात मंडळी म्हाताऱ्या बाईच्या रूपात दिसते. ती म्हातारी का, तर ती सगळ्यांच्या आधी निर्माण झाली म्हणून. क्लेमेंतचं दुसरं पत्र म्हणून ओळखलं जाणारं प्रवचन मंडळीला सूर्य-चंद्राच्या आधीची म्हणतं. चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टीन मंडळी आदामाचा मुलगा हाबेल याच्यापासून मोजतो.

वसईची_वाट

कॅथलिक माणसाने इथे लिहिलं तर चालेल ना? आम्ही मराठीत ख्रिस्तसभा म्हणतो.

आमच्याकडे या प्रश्नाला एक तारीख दिलेली नाही, याचं मला नेहमी बरं वाटतं. ख्रिस्तसभेची तयारी जुन्या करारात झाली, येशूने राज्याची घोषणा करून आणि बारा जणांना निवडून तिची स्थापना केली, क्रुसावर ती जन्मली आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी जगासमोर आली, असं आम्हाला शिकवलं जातं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४ चा ख्रिस्तसभेवरचा दस्तऐवज 'नीतिमान हाबेलापासून शेवटच्या निवडलेल्यापर्यंत' असं म्हणतो, म्हणजे ऑगस्टीनच्याच वाटेने जातो.

तुमच्या चर्चेत क्रूस कुठे आलाच नाही, म्हणून लिहितेय. योहान १९:३४. शिपायाने कुशीत भाला मारला आणि रक्त आणि पाणी निघालं. आदाम झोपलेला असताना त्याच्या कुशीतून हव्वा घडवली, तशी मरणाच्या झोपेत असलेल्या ख्रिस्ताच्या कुशीतून त्याची वधू आली. पाणी म्हणजे बाप्तिस्मा, रक्त म्हणजे प्रभूचं भोजन, असं चौथ्या शतकातला धर्मोपदेशक क्रिसोस्टोम शिकवायचा. माझ्या आजीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. पण गुड फ्रायडेला ती क्रुसाच्या त्या कुशीकडेच बघत बसायची आणि म्हणायची, आपण इथून आलो.

शाहूपुरी_९

वसईच्या ताई, फार चांगलं लिहिलंत. आमच्याकडे गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर संदेश होतात, भाला सातव्या वचनानंतरचा, म्हणून राहून जातो.

पन्हाळा_रोड

नवा_करार भाऊ, इतिहास मान्य. वचनावर बोलू.

मत्तय ११:११: स्त्रियांपासून जन्मलेल्यांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापेक्षा मोठा कुणी नाही, तरी स्वर्गाच्या राज्यात जो लहान तो त्याच्याहून मोठा. योहान ३:२९ मध्ये तो स्वतःला वराचा मित्र म्हणतो, वधू म्हणत नाही. इब्री १२:२३ मध्ये ज्येष्ठांची मंडळी एका बाजूला आणि पूर्ण केलेल्या नीतिमानांचे आत्मे दुसऱ्या बाजूला असे वेगळे उल्लेख आहेत. हे सगळं एकच असतं तर वेगळं लिहिलंच का असतं?

रानातल्या मंडळीबद्दल: इफिसच्या नाट्यगृहात दंगा करायला जमलेल्या जमावालाही कृत्ये १९ मध्ये ग्रीकमध्ये तोच शब्द आहे. शब्द सापडला म्हणजे वस्तू सापडली असं होत नाही.

नवा_करार_पुणे

शब्दाचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो दोन्हीकडे लागतो. चारही शुभवर्तमानांत 'मंडळी' फक्त मत्तयात आहे, १६:१८ आणि १८:१७. कृत्ये २:४७ मध्ये 'प्रभू मंडळीत भर घालत असे' असं जे वाचतो, त्यातला 'मंडळी' शब्द सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. कृत्यांमध्ये तो पहिल्यांदा निश्चित सापडतो तो ५:११ ला, हनन्या आणि सप्पीरा मेल्यावर. म्हणून शब्दांवरून कुणी कुणाला गप्प करू नये.

इब्री १२ मधला फरक मान्य. पण त्याच्या आधीच ११:४० आहे: आपल्यावाचून ते पूर्ण होऊ नयेत. दोन प्रजा असत्या तर एकीचं पूर्णत्व दुसरीसाठी का थांबवलं? आणि प्रकटीकरण २१ मध्ये नगर एकच आहे. वेशींवर बारा वंशांची नावं, पायांवर बारा प्रेषितांची.

आजरा_घनसाळ

मी शिकलेला नाही इतका, पण रोम ११ वर कुणीच बोलेना म्हणून लिहितो. माझी काजूची रोपवाटिका आहे.

आम्ही कलम करतो ते असं: गावठी बी पिशवीत लावायची, रोप वर आलं की त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, आणि वेंगुर्ला ७ ची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवून पट्टी गुंडाळायची. खुंट गावठी, काडी चांगल्या जातीची. फळ काडीचं मिळतं. जगभर असंच करतात, कारण गावठी काडी चांगल्या खुंटावर बांधली तर काजू गावठीच येणार, मग कष्ट कशाला घ्यायचे?

पौल उलटं सांगतोय. रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर लावली. मला वर्षानुवर्षं वाटायचं, पौलाला शेती कळत नसावी. मग ११:२४ नीट वाचलं. तो स्वतःच म्हणतो, हे निसर्गाविरुद्ध आहे. त्याला ठाऊक होतं. कुठलाही शेतकरी करणार नाही ते देवाने केलं.

आता तुमच्या वादाचं. खुंट जुना आहे. अब्राहामाचा. काही फांद्या तोडल्या, आम्हाला लावलं, आणि तोडलेल्या परत लावता येतील असंही लिहिलंय. झाड दुसरं लावलं असं कुठे आहे? पण कलम केल्याचा दिवस असतोच. कलम करायच्या आधी आम्ही त्या झाडावर नव्हतो. म्हणून मला दोघांचं थोडं थोडं पटतं. पौल तिथे तारीख सांगत नाही, तो म्हणतो फांद्यांपुढे मिरवू नको, तू मुळाला धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय.

मिरज_लाईन

आजरा काका, हे मी छापून ठेवणार. मात्र जैतुनाचं झाड म्हणजे आशीर्वादाची जागा आहे, शरीर नव्हे. शरीराचा अवयव तोडला जात नाही, फांदी तोडली जाते. एवढा फरक धरा. रोम १६:७ वर मी विचार करतोय, लगेच उत्तर देत नाही.

केडगाव_लेक

माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १९०५ सालच्या जागृतीच्या गोष्टी आमच्या घरात सांगितल्या जायच्या. मुली रात्र-रात्र प्रार्थना करायच्या, रडायच्या, स्तुती करायच्या. अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या जागृतीचं पर्व त्याच्या पुढच्या वर्षीचं. तेव्हा आमच्यासाठी पन्नासावा दिवस हा एकदाच झालेला वाढदिवस नाही. आत्मा मंडळीला वारंवार नवी करतो. 'सुरुवात कधी' याच्या इतकंच 'आज सुरू आहे का' हेही विचारा.

खासबाग_वाचक (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. मला जे उमगलं ते लिहिते.

पन्नासाव्या दिवशी काहीतरी खरोखर नवं झालं, हे मला सोडता येत नाही. आत्मा सर्व देहधारींवर ओतला गेला, आधी राजावर, संदेष्ट्यावर यायचा तो आता दासींवरही आला. योएल संदेष्ट्याने सांगितलेलं ते हेच, असं पेत्र म्हणतो. पण ज्या एकशेवीस जणांवर तो आला ते कोण होते? इस्राएलच. वचन अब्राहामाला दिलेलं, सणही त्यांचाच, आठवड्यांचा. देवाने तिथे नवी माणसं शोधून नवं घराणं काढलं नाही. म्हणून मंडळीचा वाढदिवस म्हणायला माझी हरकत नाही, पण मुलांना त्याच तासाला हाबेल, सारा, राहाब आपल्याच मंडळीतले म्हणून शिकवणार. फक्त वाढदिवसच शिकवला, तर जुना करार दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट आहे असं मुलांना वाटतं, आणि ते मी वर्गात पाहते.

माझा अडलेला प्रश्न मात्र बाप्तिस्म्याचाच. मंडळी अब्राहामापासून धरली की लेकरांचा बाप्तिस्मा आपोआप सिद्ध होतो, आणि पन्नासाव्या दिवसापासून धरली की आपोआप पडतो, असं आहे का?

शाहूपुरी_९

माझ्या मते सिद्ध होतो. उत्पत्ती १७ मध्ये करार अब्राहामाशी आणि त्याच्या संतानाशी आहे, लेकराला आठव्या दिवशी खूण दिली जाते. कृत्ये २:३९ मध्ये, त्याच पन्नासाव्या दिवशी, पेत्र म्हणतो की हे वचन तुम्हांला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे.

नवा_करार_पुणे

काका, आपोआप नाही होत. लंडनच्या बाप्टिस्टांचं १६८९ मध्ये स्वीकारलेलं विश्वासपत्र घ्या. मंडळी म्हणजे सर्व काळातले निवडलेले लोक, असं तेही मानतं, जवळजवळ वेस्टमिन्स्टरच्याच शब्दांत. पण बाप्तिस्मा फक्त विश्वास कबूल करणाऱ्याला. त्यांचं बोट यिर्मया ३१ वर आहे: नव्या करारात लहानापासून थोरापर्यंत सगळे मला ओळखतील. उलट, पन्नासावा दिवस हाच जन्मदिवस मानणारे कितीतरी लोक लेकरांना बाप्तिस्मा देतात. तारखेवरून बाप्तिस्मा ठरत नाही. त्यावर वेगळं बोलावं लागेल, वेगळ्या वचनांवरून.

पन्हाळा_रोड

खासबाग ताई, मला हेच लिहायचं होतं. विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा, हे माझं मत आहे आणि राहील. काकांशी त्यावर मी नवीन धागा काढून बोलेन. पण त्या बाईंना जे सांगितलं गेलं ते आमच्या बाजूच्या वचनातूनही निघत नाही. माझं मुख्य वचन १ करिंथ १२:१३. शरीरात घालणारा बाप्तिस्मा आत्म्याचा आहे, पाण्याचा नाही. कर्नेल्याच्या घरी आत्मा आधी उतरला, पाणी नंतर आलं. ज्या बाईंनी आयुष्यभर प्रभूला धरलंय, त्या मंडळीत नाहीत असं म्हणायचं तर मला माझाच मुद्दा सोडावा लागेल.

त्यांचा पत्ता मला मेसेज करा. रविवारी भक्तीनंतर मी आणि काका दोघं जाऊन भेटतो.

शाहूपुरी_९

येतो. चारनंतर ठेवा.